चुन्याची निवळी

त्या साली आमच्या बाराही कोंबड्या एकदमच अंड्यावर आल्या. एरवी आठवड्याला एक फेरीवाला यायचा आणि अंडी भुशाच्या टोपलीत घालून वसमतच्या बाजाराला न्यायचा. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा तोंडावर आला आणि त्याचं येणं बंद झालं. वाटेत लूटमार, जाळपोळ चालली होती; रस्त्यानं जायला लोक भ्यायचे. गावातही हिंदू-मुसलमान एकमेकांकडं आधीसारखं बघत नव्हते.

अंडी साचत गेली. आई रोज कालवण करायची, शेजारी वाटायची, तरी जोंधळ्याच्या कणगीत अंडीच अंडी. उन्हानं काही नासली.

शेजारी एक मुसलमान गवंडी राहायचा. त्याच्या बायकोला मी खाला म्हणायची. ती अंडी चुन्याच्या पाण्यात ठेवायची आणि पावसाळाभर खायची. कसं ठेवतात ते विचारून ये म्हणून आईनं मला पाठवलं. मी आठ वर्षांची होते.

खालानं नीट सांगितलं. चुना आदल्या दिवशी पाण्यात विझवायचा, गार होऊ द्यायचा, वरची निवळी, म्हणजे निवळलेलं पाणी, तेवढी काढून घ्यायची आणि तिच्यात अंडी बुडवायची. तिच्या शेळीला दोन करडं झाली होती. माझं सगळं ध्यान तिकडं. मी निघाले तेव्हा तिनं माझ्या परकराच्या ओच्यात चुन्याचे चार खडे घातले. घरी येऊन मी आईला सांगितलं, "अंडी ठेवायची, चुना टाकायचा, पाणी वतायचं."

आमच्या घरात चुना कधी विझवलाच नव्हता. भिंती पांढऱ्या मातीनं सारवायच्या आणि पानाचा चुना डबीतून तयार यायचा. आईनं माठात अंडी रचली, वर खडे ठेवले आणि तांब्यानं पाणी ओतलं. जरा वेळ काही झालं नाही. मग खडे तडतडले. आई बघायला वाकली, तेवढ्यात माठ खदखदून उसळला आणि मधोमध फुटला.

आई डोळा धरून खाली बसली. ती ओरडलीसुद्धा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आवाज ऐकून खाला धावत आली. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी पापणी उघडी धरली आणि मला पाणी आणायला लावलं. रांजण रिकामा होईपर्यंत ती डोळ्यात धार धरून होती. अर्धी शिजलेली अंडी अंगणभर पडली होती.

सांज व्हायच्या आत गावभर झालं की गवंड्याच्या बायकोनं मुद्दाम चुना देऊन आमच्या आईचा डोळा फोडला. बाबा शेतातून आले. त्यांच्यासोबत दोन्ही चुलते होते, आणि बाबांच्या हातात काठी होती. आईनं आतून काही सांगायचा प्रयत्न केला, पण कुणी ऐकलं नाही. मी त्यांच्या मागं गेले.

गवंडी दारात हात जोडून उभा होता. खाला त्याच्या पुढं आली. बाबांनी विचारलं, "काहून केलं असं?"

खालानं माझ्याकडं पाहिलं. आता ती माझं नाव घेणार, असं मला वाटलं. तिनं मान खाली घातली.

"मी सांगण्यात चुकले, भाऊ. चूक माझीच हाय."

मोठं माणूस अशी लेकराची चूक स्वतःच्या अंगावर घेतं, हे मी कधी बघितलं नव्हतं. चुलते पुढं सरकले. कुणीतरी शेळीला लाथ मारली. माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही.

"खालानं बराबर सांगितलं होतं. मीच विसरले."

बाबा वळले. त्यांचा हात वर गेला तो तसाच राहिला. मग ते तिथंच, खालाच्या उंबऱ्यापाशी मातीत बसले. चुलते निघून गेले. गवंड्यानं बाबांना पाणी दिलं. बाबा ते प्याले, आणि त्या दिवसांत तेही थोडं नव्हतं.

आईचा डावा डोळा वाचला, पण त्यावर कायमचा ढगाळ पडदा आला. त्या डोळ्यानं तिला फक्त उजेड कळायचा. तिनं मला मारलं नाही, बोलही लावला नाही. चार दिवसांनी डोळ्यावर पट्टी असतानाच तिनं खालाला बोलावलं. खालानं चुना आपल्या घरी विझवला, दुसऱ्या दिवशी निवळी आणली, आणि दोघींनी मिळून नवा माठ भरला. ती अंडी आम्ही श्रावणापर्यंत खाल्ली.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी खालाला विचारलं, की त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही. ती हळकुंडं निवडत होती.

"तुझ्या बापाच्या हातात काठी होती," ती म्हणाली. "मला लागली असती तर मी सोसली असती. तू लेकरू व्हतीस."

आणि तिनं सूप माझ्याकडं सरकवलं, किडकी हळकुंडं बाजूला काढ म्हणाली.