गिअरवरचा हात

शोरूममधला माणूस फोनवर फार अदबीने बोलायचा आणि म्हणूनच मला त्याच्या फोनची धास्ती वाटायची. "सर, मॅडमने मॅन्युअल बुक की थी. ती यायला अजून वेळ आहे. ऑटोमॅटिक मात्र तयार उभी आहे, रंगही तोच. आप बताइए, क्या करें?" मी म्हणायचो, "सांगतो." आणि सांगत नसे.

गाडी माझ्या बायकोने बुक केली होती. छोटीशी, लालभडक, मागच्या काचेवर पंखासारखी पट्टी असलेली, तरुण पोरांनी घ्यावी अशी. पावती घेऊन घरी आली तेव्हा म्हणाली, "या वयात बायका देवदेव करतात, मी गिअर टाकणार." जुनी गाडी तिने लगेच विकूनही टाकली. नवी यायच्या आधी ती स्वतःच गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेले होते.

आमच्या घरात गाडी तीच चालवायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण मी स्टिअरिंगवर बसलो की माझे खांदे कानांना टेकतात, असे ती म्हणायची.

प्रश्न नुसता गाडीचा असता तर बुकिंग रद्द करून मी मोकळा झालो असतो. पण माझ्या सासूबाई तुकईथडला एकट्या राहतात. त्यांच्या एका डोळ्याची नजर गेलेली आहे. दुसऱ्या डोळ्यात दर महिन्याला बुऱ्हाणपूरला येऊन इंजेक्शन घ्यावे लागते. ते चुकले तर उरलेली नजरही राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. बायको त्यांना शेजारी बसवून आणायची, कारण गाडीत मागे बसले की वळणांवर त्यांना उलट्या होतात. बसमध्येही तेच. ती गेल्यावर मी भाड्याची गाडी केली. परक्या ड्रायव्हरच्या शेजारी सासूबाई बसणे शक्य नव्हते. दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्यांना उभे राहवत नव्हते. "आता मी नाही यायची," एवढेच त्या बोलल्या.

संध्याकाळी सुरतेहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, मी आईला इकडेच घेऊन येतो. तुम्ही कुठवर करणार?"

त्याचे काही चुकत नव्हते. पण सासूबाईंना सुरत नको होती, आणि मला ते तुकईथडचे घर बंद व्हायला नको होते. माझ्या बायकोबद्दल ती अजून कुठेतरी असल्यासारखे जिथे बोलले जाते, असे ते एकच घर उरले आहे. मी म्हणालो, "पुढच्या वेळी मी स्वतः घेऊन येतो. मग ठरव." बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये चाचणीसाठी ठेवलेल्या दोन्ही तऱ्हेच्या गाड्या चालवून पाहिल्या. मॅन्युअल फाटकाबाहेरच्या छोट्याशा चढावर बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. ऑटोमॅटिकमध्ये चौकाजवळ आलो आणि सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हता. पाय ब्रेकवर पडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागे केळीने भरलेला ट्रॅक्टर होता. तो जेमतेम थांबला, पण त्याच्या ब्रेकचा आवाज मला झोपेतही ऐकू येत राहिला. शोरूमवाला डॅशबोर्डवरचे हात काढत म्हणाला, "सर, लेफ्ट पैर को भूल जाइए." माणूस आपला पाय कसा विसरतो, हे मला कळेना.

कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांना गाड्यांतले कळते. ते म्हणाले, "सर, गिअर नसलेली स्पोर्टी गाडी म्हणजे मोठी स्कूटी. वहिनींना पटलं असतं का?" नसतेच पटले. मी त्यांना सासूबाईंच्या इंजेक्शनचे सांगितले. तेव्हा खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून ते म्हणाले, "इंजेक्शनच्या दिवशी माझी घेऊन जा. गिअरची आहे, हात बसेल. फक्त क्लच जाळू नका, नाहीतर बायको मला जाळेल."

त्या दिवशी उजाडताच निघालो. जाताना रस्ता रिकामा होता, तरी तुकईथडला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. सासूबाई पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी पुढचे दार उघडले तशा त्या दोन पावले मागे सरकल्या.

"काहून हो जवाईबुवा, तुमच्या बाजूला बसू मी? गाव बघतंय."

"गाव इथेच राहील, आई. मागे बसलात तर त्रास होईल."

"होऊ द्या. जावयाच्या मांडीला मांडी लावून कोणती सासू बसते?"

शेवटी शेजारणीने त्यांना जवळजवळ ढकलूनच बसवले. "बस वं बाई, मी कोणाला नाही सांगत," असे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

गाडी सुटली. सासूबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला होता आणि त्या दाराला अगदी चिकटून बसल्या होत्या. गिअर बदलायला माझा हात खाली गेला की त्या गुडघा चटकन आत घेत. जावयाचा हात चुकूनही लागू नये. पुन्हा गिअर, पुन्हा गुडघा. ते पाहून मी दांडा नुसत्या बोटांनी ढकलू लागलो. मग बदलायचेच टाळू लागलो. एकच गिअर धरून जितके जाता येईल तितके जायचे.

खकनारच्या अलीकडे चढ लागला. गाडी घरघरू लागली, मग हादरू लागली. गिअर खाली घ्यायला हवा होता. मला ते कळत होते. हात स्टिअरिंगवरून निघाला, त्यांचा गुडघा हलला, आणि माझा हात परत स्टिअरिंगवर गेला. भर चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली.

मी दोन्ही पाय दाबून धरले. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवत ठेवला होता. ड्रायव्हरने डोके बाहेर काढून ओरडून विचारले, "अरे साहब, चढ़ाओगे कि मैं धक्का दूँ?"

"काय झालं?" सासूबाईंनी विचारले.

"गिअर बदलायला पाहिजे होता."

"मग काहून नाही बदलला?"

मी किल्ली फिरवत राहिलो. त्यांनी एकदा दांड्याकडे पाहिले, एकदा स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि पदर तोंडावर धरून त्या हसू लागल्या. मुलगी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. "पोरगी तर कोपर मारायची मला," त्या म्हणाल्या. "म्हणे, आई, सरक, मला तिसरा टाकायचाय."

गाडी कशीबशी सुरू झाली. त्या हसल्या म्हणून रीत सुटली नाही. पुढच्या गिअरला गुडघा परत आत गेलाच. पण वाटेत एकही उलटी झाली नाही.

इंजेक्शननंतर त्या डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर बसल्या होत्या. तेव्हा शोरूमचा फोन आला. रखडलेल्या गाडीचे मी त्यांना वाटेत सांगितले होते. मी सवयीने "सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

"गाडीवाल्याला अजून नाही सांगितलं?" त्यांनी विचारले. "जिच्यात हात खाली आणावा लागत नाही, अशी पण असते ना गाडी? मग तीच घ्या."

"तिला गिअरचीच हवी होती, आई."

"ती चालवणार होती ना." पट्टीखालून पाणी येत होते. औषधाचे असेल. "तिची होती. मला तर तुमच्याबरोबर यायचंय."

मी फोन केला. गाडी आणायला गेलो तेव्हा शोरूमवाल्याने हार आणि नारळ तयार ठेवला होता. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे, म्हणून मी नको म्हणालो. त्याने हार-नारळ परत आत नेला. गल्लीत शेजारच्या काकूंनी "लाल रंगाचीच मिळाली का?" एवढेच विचारले. त्या प्रश्नाने मी दोन दिवस गाडी बाहेरच काढली नाही.

पुढच्या महिन्यात त्याच चढावर गाडीने स्वतःच गिअर बदलला. बदलण्याआधी ती क्षणभर अडखळली. डावा पाय मी सीटखाली दाबून धरला होता, इतका की तो बधिर झाला होता. सासूबाई दारापासून जराशा सुटून बसल्या होत्या, पदर मात्र कपाळावरच होता. शेतातल्या कापसाबद्दल त्या काहीतरी सांगत होत्या. मी हूं हूं म्हणत होतो, पण एकही शब्द कानात शिरत नव्हता.

संध्याकाळी त्यांना घरी सोडले. त्या उतरल्या आणि दार लावायच्या आधी वाकून म्हणाल्या, "पुढल्या वेळी जरा लवकर निघा, जवाईबुवा. दवाखान्यात गर्दी होते. अन् सुरतेहून फोन आला तर मला लावायला सांगा, मी बोलते त्याच्याशी."