पोटावरचा हात

फरशी पुसताना फिनेलचा वास आला की पाटोद्याजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यातली ती दुपार आठवते. एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. मी एकटी नर्स, तिचं पोट दाबून उभी होते. तेवढ्यात पायाला कोयता लागलेल्या एका माणसाला आणलं. तो जोरजोरात ओरडत होता. त्याला घेऊन आलेला एकजण म्हणाला,

“बाई, आधी ह्याला बघा की. रगत लई जातंय.”

“जखमेवर फडकं घट्ट दाबून धरा. मी हात काढला तर ही जाईल.”

बाळंतीण पुटपुटली, “जावा बाई, गडी माणूस हाय. मी बरी हाय.”

डॉक्टर येईपर्यंत मी शिव्या खात तिथंच उभी राहिले. दोघंही वाचली. तेव्हा मला फक्त माझा अडकलेला, बधिर झालेला हात कळत होता. जीव जात असतानाही ती आपला नंबर त्याला देत होती, हे फार उशिरा कळलं.