बाबांच्या नावातलं पहिलं अक्षर

एका मंगळवारी सकाळी बाबा गेले. त्याला अकरा महिने झाले.

आज पाथरवट महादूकाका त्यांच्या कबरीच्या दगडावर नाव कोरत होते. वर मराठी, खाली हिब्रू, ही आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, रीत. बाबांचं नाव एज्रा. हिब्रूत त्याचं पहिलं अक्षर अयिन. माझ्या कागदावरून ते दगडावर उतरवताना काकांनी विचारलं, "ताई, ह्याचा उच्चार काय?"

"आता काहीच नाही. मुकं आहे ते."

"मुक्यालाही छिन्नी तेवढीच लागते हो," ते म्हणाले.

अयिन म्हणजे डोळा. फार पूर्वी माणसं डोळ्याचं चित्र काढत आणि त्या शब्दाचा पहिला आवाज तेवढा वाचत. तो घशाच्या तळातून यायचा. पुढे बहुतेकांच्या तोंडून आवाज गेला आणि अक्षर राहिलं. बाबांना तो लहानपणी एका बगदादी गुरुजींनी शिकवला होता. शनिवारी प्रार्थनेत ते तो काढत, तेव्हा मी विचारायची, "बाबा, घास अडकला का?"

तेही हसत. "शीक गं. माझ्यामागे कोण म्हणणार?"

"शिकेन की," असं मी वीस वर्षं म्हणत राहिले.

काकांनी दगडावरची भुकटी फुंकली. मी बोटाने अक्षर गिरवलं, घसा आवळून पाहिला. नुसता खोकला आला.

दगडावर अक्षर आहे. त्याचा आवाज मला काढता येत नाही.