बसथांब्यावरची लिसेनिया

लिसेनिया सिआगामा आमच्या कॉफीच्या मळ्यावर आली तेव्हा अठराची होती. मुलगा म्हणून जन्मलेली. झगा घातला म्हणून आमच्या एम्बेरा जमातीच्या पंचांनी तिचे पाय तीन दिवस लाकडी खोड्यात अडकवले. सुटली ती डोंगर उतरून थेट इकडे. तिच्यासारख्या सातआठ जणी तोडणीला होत्याच; मी सगळ्यांचा स्वयंपाक करायचे.

तोडणी संपली की ती आईला भेटायला जायची. जाताना शर्ट-पँट चढवायची, केस टोपीत कोंबायची.

"काय नवरदेव, निघालात?" बाकीच्या चिडवायच्या.

"गप गं. आईसाठी चार दिवस होते मुलगा. माझं काय जातंय?"

मग राजधानीतून, बोगोताहून, बेआत्रिस नावाची फोटोग्राफर आली. बाई वाईट नव्हती. दोन आठवडे आमच्यातच राहिली, आमच्याबरोबर कॉफी तोडली. लिसेनियाने आधी विचारून घेतलं, "आमच्या डोंगराकडे दिसणार नाही ना?"

"छे! फक्त बोगोतात, प्रदर्शनात."

मग लिसेनिया मण्यांची रुंद माळ घालून, हनुवटी वर करून कॉफीच्या झाडांत उभी राहिली. फोटो तिने जवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "आईसारखी दिसते गं मी."

प्रदर्शन गाजलं. गावोगावी पोस्टर लागली. पुढच्या खेपेला लिसेनिया टोपी घालून बसमधून उतरली, तर थांब्यावर तीच, दुप्पट उंचीची.

आई दारातच उभी होती.

"शर्ट घालून यायचास तोवर मला काही माहीत नसायचं," ती म्हणाली. "आता सगळा डोंगर विचारतोय. काय सांगू?"

"पाणी तरी दे, आई."

आईने पाणी दिलं, बाहेरच. भांडं परत घेताना म्हणाली, "फोटोत माझ्या हातची माळ घातलीस. शोभते तुला." आणि दार लावून घेतलं.

लिसेनियाने बेआत्रिसला फोन केला. पोस्टर आयोजकांनी छापली, मला विचारलं नाही, असं म्हणून बेआत्रिस रडली. मग म्हणाली, "पण लोक तुझ्या प्रेमात पडलेत गं!"

"त्यांना त्यांची आई आहे ना?" लिसेनियाने फोन ठेवला.

त्यानंतर ती कधी डोंगर चढली नाही. चौथ्या वर्षी आई गेली. बहिणीचा निरोप आला तो आईला पुरून नऊ दिवस झाल्यावर. निरोप ऐकून लिसेनियाने कमरेला टोपली बांधली.

"आज तरी बस," मी म्हटलं.

"बसून काय करू, ताई? रडायलासुद्धा तिथे कुणी बोलावलं नाही."

आणि ती तोडणीला गेली.