झेंडेवाल्याच्या कपाळावरचा ठिपका

शकू तांबेच्या हातून पास झालेला नग परत येत नाही, असं मानपाड्याच्या त्या शेडमधल्या सगळ्या बायका म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते स्वतः शकू म्हणे. का म्हणू नये? नऊ वर्षांत एक नग परत आला नव्हता. लोक तर नऊ दिवस केलेल्या कामाचे नऊ वर्षं ढोल वाजवतात.

शेड साधीच. वर पत्रा, खाली लांबलचक टेबलं, चौदा बायका आणि प्रत्येकीच्या डोक्याशी एकेक दिवा. काम मात्र असं की पहिल्यांदा ऐकणारा हसतोच. इथे सैनिक रंगवतात. बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे सैनिक. परदेशातल्या एका कंपनीकडून ते खोक्यांत भरून करडे, बिनरंगाचे येतात, इथे त्यांना कोट, पट्टे, बूट, मिशा, डोळे मिळतात आणि मग ते परत जातात. तिकडे मोठमोठी माणसं, पोरं नव्हे हां, चांगली नोकरीधंद्याची माणसं, टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून, टेपने अंतर मोजून त्यांची लढाई खेळतात. शकूला सुरुवातीला वाटलेलं, हे पोट भरलेल्यांचे उद्योग. मग तिचंच घर त्यावर चालायला लागलं, आणि तिने ते बोलणं बंद केलं.

ती मूळची देवरुखकडची. लग्न होऊन सागावच्या चाळीत आली. नवऱ्याची कंपनी बंद पडली तशी घराबाहेर पडली. आधी टिकल्यांची पाकिटं भरली, मग प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कडा तासल्या. हात मात्र असा स्थिर, की चाळीतल्या म्हाताऱ्या सुईत दोरा ओवायला तिच्याकडे यायच्या. डोंबिवलीचा सर्वेश वैद्य, कॉम्प्युटरची नोकरी सोडून या धंद्यात पडलेला, त्याने शेड उघडली तेव्हा आलेल्या बायकांच्या हातात एकेक ब्रश आणि एकेक सैनिक दिला आणि म्हणाला, डोळे काढा. कुणी टपोरे काढले, कुणी तिरळे. शकूने श्वास रोखला, दोन टिंबं दिली आणि सैनिक त्याच्यासमोर ठेवला. तो सैनिक सर्वेशकडे बघत होता. सर्वेशने तिथल्या तिथे विचारलं, "ताई, उद्यापासून याल?"

दोन वर्षांत ती रंगवायची थांबून तपासायला बसली. टेबलाच्या शेवटच्या टोकाला तिची खुर्ची, डोळ्याला भिंग, डाव्या हाताला पासचा ट्रे, उजव्या हाताला परतीचा. तिच्या परतीच्या ट्रेला बायका सासर म्हणायच्या. तिथे गेलं की ऐकून घ्यावं लागतं म्हणून.

आता या खेळातल्या लोकांत दोन तट आहेत. काहीजण रंगवलेलेच विकत घेतात; काहीजण सैनिक स्वतः रंगवतात, आणि ते रंगवून आलेल्या मालाला अगदी नाक मुरडतात. रेडिमेड म्हणजे खेळण्याच्या दुकानातला माल, फासलेला रंग, तोंडावर दोन थेंब, झाला सैनिक. खोटंही नाही म्हणा, बहुतेक माल असतोच तसा. सर्वेश एकदा शकूला ठाण्याला घेऊन गेलेला, एका हॉलमध्ये हे खेळवाले जमले होते. तिथे एका दाढीवाल्याने त्यांच्या सैनिकाकडे बघून ओठ वाकडा केला. "प्रीपेंटेड? इसमें क्या देखना!" शकूने पिशवीतून आपलं भिंग काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तो बघत राहिला. कोटाची बटणं, बटणांखालची सावली, डोळ्यातला पांढरा कोपरा. मग त्याने तिलाच विचारलं, "कोणता ब्रश वापरता काकू?" परतताना सर्वेश रिक्षात तेच पुन्हा पुन्हा सांगत होता आणि शकू मुद्दाम बाहेर बघत होती, हसू लपत नव्हतं म्हणून.

शेडचा नियम एकच, आणि तो सर्वेशचा. प्रत्येक जातीचा पहिला सैनिक तो स्वतः रंगवणार, त्याचा फोटो कंपनीला जाणार, मंजुरी आली की तो सैनिक सॅम्पल म्हणून काचेच्या कपाटात बसणार. पुढचे हजारो त्याच्याबरहुकूम. "एक ठिपका कमी नको, एक ठिपका जास्त नको," हे तो इतक्यांदा म्हणे की बायका त्याच्या मागे त्याची नक्कल करत.

आणि इथेच सगळं घडलं.

गेल्या वर्षी निळ्या कोटांच्या पलटणीची ऑर्डर आली. आतापर्यंतची सगळ्यांत मोठी. दोन हजार चारशे खोकी, प्रत्येक खोक्यात एकोणीस शिपाई आणि एक झेंडेवाला. ही नीट गेली तर कंपनी पुढची तीन वर्षं सगळं काम इथेच देणार होती. सर्वेशने सॅम्पलं रंगवली, मंजुरी आली, सॅम्पलं कपाटात बसली आणि तो आठवडाभरासाठी ठाण्याला प्रदर्शनाच्या मांडामांडीला गेला.

तिसऱ्या दिवशी शकूने भिंग लावलं आणि थांबली. सॅम्पलमधल्या झेंडेवाल्याच्या कपाळावर, अगदी मधोमध, खसखशीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. बाकी एकाही शिपायाच्या कपाळावर नव्हता.

तिने रमाबाईंना बोलावलं. रमाबाई साताऱ्याकडच्या, शेडमध्ये वयाने सगळ्यांत मोठ्या, बूट रंगवायच्या. त्यांनी भिंगातून बघितलं आणि क्षणात निकाल लावला. "अगं, लढाईला चाललाय त्यो. आईनं ववाळून धाडलाय."

"आणि बाकीच्यांना काय आया नाहीत?"

"झेंड्याचा मान आसतो बाई. मानकऱ्यालाच टिळा."

बायकांनी माना डोलावल्या. शकूच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिने सर्वेशला फोन लावायला मोबाइल हातात घेतलासुद्धा. आणि ठेवून दिला. नऊ वर्षांची चेकर, आणि ठिपका काढू की नको हे फोन करून विचारणार? सॅम्पलात आहे ना, मग आहे. एक ठिपका कमी नको.

झालं! दोन हजार चारशे झेंडेवाले टिळा लावून तयार झाले. आणि टिळेही असे, की सगळे एका मापाचे, एका जागी, तसूभर इकडचा तिकडे नाही.

चोवीस खोक्यांचा एक बॉक्स विमानाने पुढे गेला, बाकी माल शेडमध्येच होता. पाचव्या दिवशी कंपनीकडून फोटो आला. झेंडेवाल्याचं कपाळ मोठं करून त्याभोवती वर्तुळ काढलेलं, आणि खाली प्रश्न, हे काय आहे?

सर्वेश तावातावाने शेडमध्ये आला. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चौदा बायकांसमोर बोलला. "शकूताई, तपासताना डोळे कुठे होते तुमचे? कंपनी म्हणतेय चेकर बदला, नाहीतर पुढचं काम विसरा. काय सांगू मी त्यांना?"

शकूला तिची खुर्ची दिसली, आणि त्या खुर्चीवर दुसरी कुणीतरी. तिची पोरगी संचिता कल्याणला, सासरी, सगळ्यांना सांगायची, "माझ्या आईने पास केल्याशिवाय माल देशाबाहेर जात नाही." तिला आता काय सांगायचं? ती उठली. काचेचं कपाट उघडलं, सॅम्पलचा झेंडेवाला काढला, भिंगासकट सर्वेशच्या हातात दिला.

सर्वेशने बघितलं. मग फोनवर मंजुरीचा जुना फोटो काढून बघितला. फोटोत कपाळ स्वच्छ होतं. मग त्याला आठवलं. फोटो पाठवल्यावर तो तिथेच बसून दुसऱ्या एका पलटणीच्या ढोलवाल्याचा लाल कोट रंगवत होता, आणि हे सॅम्पल शेजारीच वाळत ठेवलेलं. ब्रश झटकला असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"माझ्याच ब्रशचा आहे हा," तो म्हणाला, आणि मटकन बसला.

तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. गोरा, चष्मेवाला, चेहऱ्यावर राग नाही पण मायाही नाही. तो काय विचारतोय ते शकूला शब्दाशब्दाने कळलं नाही, पण "चेकर" कळलं. आता सर्वेश काय बोलेल? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला काहीच लागत नव्हतं. सॅम्पल इथे, कपाट इथे, तिकडच्याला कोण सांगणार होतं? पुढचं तीन वर्षांचं काम वाचलं असतं, आणि चौदा बायकांमधून एक गेली असती. शकूला त्या क्षणी त्याचा रागसुद्धा आला नसता, इतकी ती घाबरली होती.

सर्वेशने सॅम्पल कॅमेऱ्यासमोर धरलं. "माय मिस्टेक," तो म्हणाला. पुढे बरंच बोलला, पण ते दोन शब्द शकूने स्वच्छ ऐकले. तिचे डोळे भरून आले. आणि मग ती, जी आयुष्यात कधी गोऱ्या माणसाशी बोलली नव्हती, सर्वेशच्या खांद्यावरून पुढे वाकली.

"माझी पण. मला दिसलेला ठिपका. मी विचारलं नाही. सांग त्यांना, सर्वेश."

"ताई, राहू दे ना."

"सांग म्हणते ना!"

त्याने सांगितलं. गोरा म्हणाला, चार दिवसांत माल सुधारून द्या, मग बघू.

ठिपका पुसता येत नव्हता. पुसायला गेलं तर खालचा चेहराच जायचा. बायका म्हणाल्या, वाटून घेऊ. शकू म्हणाली, हात लावायचा नाही कुणी. माझ्या हातून गेलंय, माझ्याच हातून परत येईल. तिने कातडीचा रंग तीनदा कालवला, तेव्हा कुठे मनासारखा जमला. मग एकेका कपाळावर एकेक टिंब, ते वाळलं की वरून सावलीच्या रंगाचा पातळ हात. दिवसाला सहाशे कपाळं. रमाबाई शेजारी बसून ट्रे सरकवत राहिल्या आणि मधूनमधून पुटपुटत, "लेकरांनो, टिळा पुसला तरी सुखरूप जा रं." चौथ्या संध्याकाळी सर्वेशने भिंग घेऊन शंभर झेंडेवाले उलटसुलट करून बघितले. ठिपका कुठे होता ते त्याला सापडलं नाही.

माल गेला, आणि परत आला नाही. तीन वर्षांचं काम मिळालं. त्यानंतर सर्वेशने नियमाला एक शेपूट जोडलं. सॅम्पल तो रंगवणार, पण शकूने बघून सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर सही केल्याशिवाय ते कपाटात बसणार नाही. शकूने सगळ्यांत बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात लिहायला सुरुवात केली: श. तांबे. आडनावसुद्धा पुरतं. पहिल्याच महिन्यात तिने मालकाची दोन सॅम्पलं परतीच्या ट्रेमध्ये टाकली. मालक मुकाट्याने सासरी गेला.

आणि मग चार महिन्यांनी, एका सकाळी, सर्वेश हसतच शेडमध्ये शिरला.

"शकूताई, गंमत ऐका. ते चोवीस टिळेवाले गेले होते ना पुढे? कंपनीने ते तसेच खेळवाल्यांना वाटून टाकले, आणि तिकडे लोक त्यांच्यावर तुटून पडलेत. ज्यांच्याकडे आहे ते दाखवत फिरतायत, बाकीचे मागतायत. कंपनी म्हणते, तसेच अजून शंभर द्या. चौपट भाव!"

बायकांत एकच हशा पिकला. रमाबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. "मी म्हनलं नव्हतं, ववाळलेला हाय!"

सर्वेशने लाल रंगाची बाटली उघडून ब्रश शकूपुढे धरला. "घ्या. मान तुमचा."

शकूने ब्रश घेतला नाही. ती उठली, कपाटातून झेंडेवाल्याचं नवं सॅम्पल काढलं, उलटं करून स्वतःची सही त्याला दाखवली, आणि मग सुलटं करून भिंगाखाली ठेवलं.

"कपाळावर काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग कशाच्या आधारावर पास करू?"

"अहो ताई, त्यांनाच हवंय!"

"हवं असेल. ते चोवीस चुकून झाले, म्हणून लोकांना त्याचं अप्रूप. आता मुद्दाम चूक काढायची आणि चौपट भावाने विकायची? ती लबाडी झाली रे. माझ्या सहीखाली नाही जायची." मग ती त्याच्याच आवाजात म्हणाली, "एक ठिपका कमी नको, एक ठिपका जास्त नको. कोण म्हणालेलं?"

चौदा बायका सर्वेशकडे बघायला लागल्या. चौपट भाव त्याच्या डोळ्यांसमोरून गेला असणार, नाही कशाला म्हणा. मग त्याने ब्रश पाण्यात बुडवून धुतला, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर उत्तर लिहिलं.

"काय लिहिलंस?" शकूने विचारलं.

"लिहिलं, आमच्या चेकरने पास केलं नाही."

शकूने मान हलवली, भिंग डोळ्याला लावलं आणि पुढचा ट्रे आपल्याकडे ओढला.