बोरसे मॅडमचं बोलावणं

पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञान परिषदांची पत्रकं आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या तंत्रनिकेतनात आली, की बोरसे मॅडम ती सूचनाफलकावरून काढून थेट मुलींच्या बाकावर आणून ठेवायच्या. शिपाई कुरकुरायचा. मॅडम म्हणायच्या, "फलकापुढे सारा वेळ मुलांचा घोळका. माझ्या मुली तिथं पोचणार कधी?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही चारच मुली होतो. विहिरीचं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारं एक सर्किट मी बनवलं होतं. मॅडमनी त्यावर माझ्याकडून निबंध लिहून घेतला, चार वेळा खोडला आणि पुण्याच्या परिषदेला पाठवला. तो स्वीकारला गेला, पण घरी सांगणार कोण?

पुढच्याच रविवारी मॅडम एस.टी.ने साक्रीला आणि तिथून पायी आमच्या गावाला आल्या. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बाई, पोरगीले पुनाले कशी धाडू? लोके काय म्हनतीन?"

कॉलेजात शुद्ध बोलणाऱ्या मॅडम एकदम अहिराणीत म्हणाल्या, "आबा, तुमनी पोरले जे येस, ते आख्खा वर्गमा कोनले येत नही. मी शे ना तिनासंगे."

आबांनी सरकून मॅडमना ओट्यावर जागा करून दिली. मग आईला म्हणाले, "बाईसले जेवाले वाढ."

पुण्यात सभागृह भरलेलं होतं. माझं वाचून झालं, तेव्हा एका गृहस्थांनी हसत विचारलं, "सर्किट कुणी करून दिलं? भावानं?" लोक हसले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मीच म्हणाले, "भाऊ नाही मला. विहीर आमची आहे, मोटार दोनदा जळाली, म्हणून मी केलं." मग त्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

परतताना मी रुसून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "उत्तर मी दिलं असतं, तर ते माझं झालं असतं."

पुढं मला पुण्यातच नोकरी लागली. मॅडमची पत्रं येत राहिली. मी दोनाआड एकाला उत्तर द्यायची. मग एक पत्र आलं. खानदेशातल्या मुलींसाठी त्यांनी देवपुरातच एक दिवसाची परिषद ठेवली होती. "फार तांत्रिक बोलू नकोस," त्यांनी लिहिलं होतं. "तू कशी आलीस, कशी उभी राहिलीस, एवढंच सांग. शक्य असेल तर याच वर्षी ये."

'रजा मिळत नाही,' असं मी कळवलं. ते खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. परदेशी पाहुण्यांसमोर माझं सादरीकरण व्हायचं होतं, त्याच्या तयारीत होते. आणि खरं सांगायचं तर, धुळ्याची परिषद मला लहान वाटली.

अडीच महिन्यांनी मॅडम गेल्याचं कळलं. कर्करोग होता. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

मी देवपूरला गेले. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. धाकटे भाऊ नाना त्यांच्याजवळ राहायचे. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाले, "परिषद छान झाली. शिरपूर, धरणगाव, कुठून कुठून पोरी आल्या होत्या. अक्काला उभं राहवत नव्हतं, खुर्चीत बसून बोलली. एका पोरीनं विचारलं, पुण्याच्या बाई का नाही आल्या? अक्का म्हणाली, तिच्यावाचून तिथलं काम अडतं, म्हणून तिला सोडत नाहीत. आपल्या साक्रीकडची पोर आहे ती. फार खूश होती बघा ते सांगताना."

मी मान खाली घालून ऐकत होते. रजेचं खरं काय ते आता तरी सांगावं, म्हणून तोंड उघडलं.

"चहा घेणार ना?" नानांनी विचारलं.

मी हो म्हटलं.