खंडेनवमीला मांडलेली पदकं

आईला मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणलं ते खरं तर माझ्यासाठी. बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्या होत्या. ग्रीन कार्डाची वाट बघत मी एकटा राहत होतो आणि ऑफिसातून आलो की टीव्ही लावून ठेवायचो, बघायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

आईला इंग्रजी येत नव्हती, शेजारच्या जर्मन आजोबांना मराठी येत नव्हती, तरी आठवड्याभरात दोघांचं जमलं. ते बाल्कनीतले टोमॅटो द्यायचे, ती त्याच वाडग्यातून कोशिंबीर पाठवायची.

ते ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी जर्मन नौदलात अधिकारी. आधी सुरुंग काढणाऱ्या बोटीवर, मग पाणबुडीवर. युद्ध हरल्यावर इंग्रजांच्या हुकमाखाली पुन्हा सुरुंगच काढले, मग अमेरिकेत येऊन पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग करत निवृत्त झाले. हे सगळं ते बायोडेटा वाचून दाखवल्यासारखं सांगायचे. बायको वारलेली. मुलगी ओहायोत, ती फारशी येत नसे.

"तिचा एकच प्रश्न असतो, युद्धात तुम्ही काय केलंत," ते मला एकदा म्हणाले. "आणि मी तिला पदकांची पेटी दाखवतो."

खंडेनवमीला आईने कॉफी टेबलावर भाजीची सुरी, माझे स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप मांडला आणि तोंड वाकडं केलं.

"ही शस्त्रपूजा आहे का पंक्चरचं दुकान? शेजारचे आजोबा लढाईत होते ना? त्यांच्याकडचं काही माग."

"आई, इथे असं मागत नाहीत."

"मग मी मागते. तू नुसता मागे उभा राहा."

आजोबा कोट घालून, पेटी घेऊन आले. आत मखमलीच्या खाचांमध्ये सुरुंगवाल्यांचा बिल्ला, पाणबुडीचा बिल्ला आणि शौर्याचे दोन काळे आयर्न क्रॉस. प्रत्येकावरचं नाझींचं चिन्ह त्यांनी फार पूर्वी कानशीने घासून काढलेलं होतं. आईने त्या खरखरीत जागेवरून अंगठा फिरवला.

"हे झिजलं का रे?"

"जुनं आहे," मी म्हणालो.

ती एकेका पदकाला हळदकुंकू लावत गेली. शेवटच्या क्रॉसला तिचं बोट टेकलं तसं त्यांनी हलकेच तिचं मनगट धरलं. "हा नको," असं इंग्रजीत म्हणाले आणि तो क्रॉस उचलून कोटाच्या खिशात टाकला. आई गोंधळली. मी पानं घेतली.

श्रीखंड-पुरी होती. त्यांनी काही खाल्लं नाही. थोड्या वेळाने मला म्हणाले, "आईला सांग. तिने कशाला हात लावला ते तिला कळू दे. शब्द गाळू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाणबुडीने एक इंग्रज मालवाहू जहाज बुडवलं होतं. पाण्यातला एक माणूस पोहत आला आणि पाणबुडीच्या कठड्याला धरून राहिला. बुडी मारायचा हुकूम झाला होता, वर डेकवर हेच शेवटचे उरले होते. तो माणूस ओरडत नव्हता, नुसता बघत होता. यांनी वाकून त्याची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली, आत आले, झाकण लावलं. त्या फेरीबद्दल क्रॉस मिळाला.

"तो तुझ्यासारखा दिसत होता," ते म्हणाले. "इंग्रजांच्या बोटींवर तुमच्याकडचे खलाशी असायचे."

असायचेच. रत्नागिरीकडच्या माझ्या आजोळातले किती बाप्ये तेव्हा बोटीवर गेले होते आणि त्यातले काही परत आलेच नाहीत, हे आईला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

"काय म्हणतायत रे?" आईने विचारलं. "डोळे भरलेत त्यांचे."

"युद्धातले मित्र आठवले त्यांना."

"अरेरे. श्रीखंड वाढ अजून. लिंबू चालतं का विचार."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाली?"

मी म्हणालो, "आई म्हणते, ते युद्ध होतं. तिने तुम्हाला माफ केलंय."

असं का केलं? दोघांवर उपकार करतोय असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच की कितीतरी महिन्यांनी माझ्या घरात माणसं जेवायला बसली होती आणि मला ती पंगत मोडायची नव्हती.

त्यांनी आईचे दोन्ही हात घेऊन कपाळाला लावले. आई लाजून चूर. "अहो, श्रीखंडाचं काय एवढं!"

मग ते जेवले. पोटभर.

आई निघाली त्या दिवशी त्यांनी तोच क्रॉस तिच्या हातात ठेवला. शौर्याचं पदक मिळालं म्हणून ती विमानात बसेपर्यंत खूश. थँक्सगिव्हिंगला मुलीला बोलावून सगळं सांगायचा त्यांचा विचार होता, तो मात्र राहिला. "आता गरज नाही," मला म्हणाले. "ज्यांना सांगायचं होतं त्यांना पोचलं." तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

पुढे एका हिवाळ्यात ते गेले. मुलगी घर रिकामं करायला आली. माझ्याहून मोठी, थकलेली बाई. पेटीतल्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवून तिने विचारलं, "इथला कशासाठी मिळाला होता? तुमच्याशी कधी बोलले?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिची खोकी गाडीत भरायला मदत केली. मदतीला मी नेहमीच पुढे.

दोन हजार आठच्या दसऱ्याला मी पुण्यात होतो. खंडेनवमीला आईने अडकित्ता, कात्री आणि दरवर्षीसारखा तो क्रॉस मांडला. तिने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि मला बघवेना. मी सगळं सांगितलं. तिचं बोट तसंच वर राहिलं.

"म्हणजे तुझ्या तोंडून मी माफ केलं?"

"हो," मी म्हणालो.

"केलं असतं का नसतं, मला नाही ठाऊक रे. पण तो माणूस माझ्यापुढे मन उघडं करून बसला होता आणि मी त्याला श्रीखंड वाढत होते." तिने क्रॉस पाण्याखाली धरला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. "त्याच्या मुलीचा आहे हा. तिला सांग. आणि या खेपेला माझ्या नावावर काही घालू नकोस."

मॉरिसव्हिलला परत आल्यावर मी ओहायोला फोन लावला. मुलीने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने मागे चालू असलेला डिशवॉशर बंद केला. मग तिने विचारलं, "त्या माणसाचा हात सुटला, का बाबांनी सोडवला?"

पुन्हा तीच वेळ होती. सोपं उत्तर जिभेवर तयार होतं.

"सोडवला," मी म्हणालो. "एकेक बोट."

तिने थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. क्रॉस न्यायला ती अजून आलेली नाही. तो माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे. कानशीच्या ओरखड्यांत थोडं कुंकू राहिलंय, ते आईच्या धुण्याने निघालं नाही.